ज्याचे पाणी, त्याच्या नावावर

उजनी भरली की सोलापूर जिल्ह्यात सण होतो. जलपूजन होते, खणानारळाने ओटी भरली जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर धरणाच्या 41 दरवाज्यांचे छायाचित्र येते. हा आनंद खरा आहे. ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, तिथे पुणे जिल्ह्याच्या डोंगरातून वाहून आलेल्या पाण्यावर आपण जगतो. ते आले की माणसाने आनंद करावाच. पण धरण शंभर टक्के भरले म्हणजे नेमके किती पाणी आले, त्यातले कुणाचे किती आणि जून उजाडेपर्यंत ते कसे पुरवायचे, हे त्या सणात कुणी विचारत नाही. हा प्रश्न एप्रिलमध्ये विचारला जातो. तोवर उत्तर देण्याजोगे पाणी उरलेले नसते.

माझी मागणी साधी आहे. दरवर्षी 15 ऑक्टोबरला उजनीतल्या प्रत्येक टीएमसीवर, म्हणजे अब्ज घनफूट पाण्यावर, त्याच्या धन्याचे नाव लेखी लागले पाहिजे. धरण शून्य टक्क्याच्या खाली गेले की पिण्यावाचून दुसऱ्या कशालाही पाणी मिळता कामा नये. आणि हा हिशोब गावोगावच्या चावडीवर लागला पाहिजे.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून नोकरी केली. सात नंबरचे पाणीअर्ज गोळा करणे, शेजपाळी लावणे, आवर्तन सुटले की फाट्यावरच्या मोजपट्टीवर पाण्याची उंची वाचून वहीत लिहिणे, हंगाम संपला की भिजलेल्या क्षेत्राची मोजणी करणे हे माझे काम होते. आता सोलापुरात हद्दवाढ भागात राहतो आणि मोहोळ तालुक्यात वडिलोपार्जित थोडी जमीन आहे. म्हणजे नळाला पाणी कधी येणार म्हणून वाट पाहणाऱ्यांत मी आहे आणि चारीला पाणी कधी येणार म्हणून वाट पाहणाऱ्यांतही आहे. दोन्हीकडचे गाऱ्हाणे मला घरचेच आहे.

आधी आकडे नीट समजून घेऊ. माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ भीमेवर बांधलेल्या या धरणाची पायाभरणी 1966 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाली आणि 1980 मध्ये धरण पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर हे नाव त्यांचेच. एकूण साठा 117 टीएमसी. त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा आणि 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. महाराष्ट्रातल्या मोठ्या धरणांमध्ये उजनीचे हे वेगळेपण आहे, की तळाचे पाणी वरच्या पाण्यापेक्षा जास्त आहे. वर्तमानपत्रात जे टक्के छापून येतात ते फक्त वरच्या 53.57 टीएमसीचे असतात. पावसाळ्याच्या शेवटी 111 टक्क्यांपर्यंत भरले तर एकूण 123 टीएमसी होते. पाणी शून्य टक्क्याच्या खाली उतरले की ‘धरण मायनसमध्ये गेले’ म्हणतात.

मृतसाठा ठेवण्यामागे विचार असतो. गाळ बसायला जागा हवी, पाण्यातल्या जिवांना पाणी हवे आणि सगळेच दरवाजे बंद झाले तर निदान पिण्यापुरते तरी हाताशी हवे. शेतकऱ्याच्या घरात पेरणीसाठी राखलेले बियाणे असते, तसा हा साठा. उपाशी राहावे लागले तरी ते जात्यावर जात नाही. उजनीच्या बाबतीत मात्र बियाणे दळायला काढणे हा दर उन्हाळ्याचा रिवाज झाला आहे. मायनस पंधरा, मायनस वीस, मायनस तीस हे आकडे आता कुणाला दचकवत नाहीत.

2023 साल आठवा. त्या पावसाळ्यात उजनी कशीबशी साठ टक्क्यांच्या आसपास पोचली. म्हणजे उपयुक्त पाणी होते सुमारे 32 टीएमसी. अशा वर्षी पहिल्याच दिवशी हात आखडता घ्यायला हवा होता. पण जानेवारी 2024 मध्येच धरण मायनसमध्ये गेले आणि जूनमध्ये उणे साठ टक्क्यांच्या आसपास टेकले. आता बेरीज करा. अधिक साठपासून उणे साठपर्यंत, म्हणजे सुमारे 64 टीएमसी पाणी आठ महिन्यांत धरणातून गेले. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी जेवढे उपयुक्त पाणी असते, त्याहून दहा टीएमसी जास्त आपण दुष्काळी वर्षात संपवले. काही बाष्प होऊन उडाले हे धरले तरी निष्कर्ष बदलत नाही. पाऊस कमी झाला म्हणून उजनी आटली हे अर्धे सत्य आहे. कमी पावसाच्या वर्षीही आपण खर्च भरल्या वर्षाचाच ठेवला, हे उरलेले अर्धे.

त्या उन्हाळ्यात सोलापूरला पाणी आणणाऱ्या पंपांपर्यंत पाणी पोचेना, म्हणून आधी दुबार आणि मग तिबार पंपिंग करावे लागले. धरणाच्या पोटात चर खणून पाणी पंपाकडे ओढायचे, तिथून दुसऱ्या पंपाने उचलायचे आणि मग मुख्य पंपाला द्यायचे. बॅकवॉटरमध्ये पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले, तेव्हा लोक ते बघायला गर्दी करू लागले. करमाळा आणि इंदापूरचे शेतकरी पाणी मागे सरेल तसे पाइप वाढवत नेत होते. ज्यांच्या गावांवर आणि जमिनींवर हे धरण उभे राहिले, त्यांच्याच मोटारी चिखलात उभ्या होत्या.

आता या पाण्याचा सर्वांत मोठा गोंधळ सांगतो. तो सोलापूर शहराच्या नावावर होतो.

सोलापूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांवर होती. हिशोबाला दहा लाख धरू. माणशी रोज 135 लिटर हे शहरासाठी मानलेले प्रमाण. म्हणजे रोज साडेतेरा कोटी लिटर आणि वर्षाला 4,900 कोटी लिटरच्या थोडे वर. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. याचा अर्थ सगळ्या सोलापूर शहराला वर्षभर भरपूर पाणी द्यायचे तर पावणेदोन टीएमसी लागतात. गळती, वाढलेली वस्ती, दवाखाने, शाळा, कारखाने सगळे धरले तरी तीन टीएमसीच्या आत काम भागते. 117 टीएमसीच्या धरणापुढे हा आकडा किती लहान आहे ते पाहा.

असे असताना सोलापूरकरांच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस असला की बायकांची झोप जाते. चावीवाला रात्री दीडला येतो, कधी पहाटे चारला. पहिला अर्धा तास नुसती हवा सुसाटते, मग गढूळ धार येते, मग स्वच्छ. तेवढ्यात हौद, बॅरल, कळश्या, स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरून घ्यायची. शेजारच्या वहिनी विड्या वळतात. पाण्याच्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी त्यांच्या विड्या कमी भरतात आणि मजुरी तेवढीच बुडते. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या घरीही हेच. पाण्याच्या टंचाईची किंमत पाणीपट्टीच्या बिलात दिसत नाही, ती अशा बुडालेल्या मजुरीत असते.

या शहराला पाणी कसे मिळते? थोडे हिप्परग्याच्या तलावातून, म्हणजे इंग्रजांच्या काळात अदिला नदीवर बांधलेल्या एकरूख तलावातून. थोडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टाकलेल्या उजनीच्या जलवाहिनीतून. आणि बाकीचे टाकळीहून, म्हणजे भीमेतून. टाकळीच्या उपसा केंद्राला पाणी मिळावे म्हणून औज आणि चिंचपूरचे बंधारे भरावे लागतात. ते भरण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडले जाते.

ते पाणी दोनशेहून अधिक किलोमीटर नदीतून चालत येते. पोचायला आठ-दहा दिवस लागतात. वाटेत वाळूउपशाने पडलेले खोल खड्डे आधी भरतात. उन्हाने तापलेले पात्र आपला वाटा पिते. पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या तालुक्यांतले बंधारे भरतात. काठावरच्या मोटारी चालू होऊ नयेत म्हणून वीज तोडली जाते, तरी त्या चालतात. कुठे बंधाऱ्याचे बर्गे रात्रीत बसवले जातात, कुठे काढले जातात. शेवटी शहराला पाऊण-एक टीएमसीसुद्धा मिळत नाही आणि त्यासाठी धरणातून पाच-सहा टीएमसी सुटलेले असतात. वर्षातून असे तीन-चार वेळा घडते. पंधरा-वीस टीएमसी पाणी ‘सोलापूर शहराच्या पिण्यासाठी’ या नावावर खर्ची पडते. ज्या शहराच्या नावावर ते लिहिले जाते, त्या शहरातल्या बाया रात्री दीड वाजता कळशी घेऊन उभ्या असतात.

या पाण्याने नदीकाठची गावे जगतात, हे मला पूर्ण मान्य आहे. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या पिण्याच्या योजना भीमेवर आहेत. आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांच्या स्नानाला पाणी लागते. गुरेढोरे, काठच्या विहिरी, चारा सगळे त्यावर आहे. त्यांचा हक्क कुणी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच, की हा हक्क त्यांच्या स्वतःच्या नावावर लिहा. पंढरपूर शहराला इतके, सांगोल्याच्या योजनेला इतके, अक्कलकोटच्या नदीकाठच्या गावांना इतके. सोलापूरच्या आडून सोडले की काठच्या गावांना ते चोरून घ्यावे लागते, रात्री मोटार चालू करून, वीज मंडळाच्या माणसाची नजर चुकवून. हक्काचे पाणी चोरासारखे घ्यायला लावणे ही कसली व्यवस्था?

आता परिस्थिती बदलण्याची संधी आली आहे. उजनी ते सोलापूर अशी 110 किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकली गेली आहे. तिची क्षमता रोज 170 दशलक्ष लिटर आहे. जुनी आणि नवी मिळून दोन्ही वाहिन्या पूर्ण ताकदीने चालल्या तर शहराची गरज नळातूनच भागते, नदीची वाट पाहावी लागत नाही. शहरातल्या टाक्या आणि अंतर्गत वाहिन्या सुधारल्याशिवाय रोज पाणी मिळणार नाही हे खरे, आणि ते काम रेंगाळू देता कामा नये. पण धरणाच्या हिशोबात एक मोठी गोष्ट घडते. शहरासाठी नदीत पंधरा-वीस टीएमसी सोडण्याचे कारणच उरत नाही. काठच्या गावांचा वाटा त्यांच्या नावाने दिल्यावरही त्यातले बरेच पाणी वाचते.

या वाचलेल्या पाण्याचे काय होणार? हा प्रश्न आज कुणी उघडपणे विचारत नाही, म्हणून मी विचारतो. आपल्याकडे पाणी वाचले की त्यावर आधी कुणाची तरी नजर पडते आणि मग कागद होतो. वाचलेले पाणी नव्या उपसा योजनेला, नव्या उसाला, नव्या परवान्याला गेले, तर पाच वर्षांनी उजनी पुन्हा मायनस साठलाच टेकलेली असेल. मग जलवाहिनीवर खर्च केलेले शेकडो कोटी कोणाच्या कामी आले?

उसाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. उसाला पाटाने पाणी दिले तर हेक्टरी वीस ते पंचवीस हजार घनमीटर लागते. रब्बी ज्वारीला तीन पाळ्या धरल्या तरी दोन-अडीच हजारांत भागते. एक टीएमसी म्हणजे दोन कोटी 83 लाख घनमीटर. शेतात पोचलेल्या एवढ्या पाण्यावर बारा-चौदाशे हेक्टर ऊस होतो, किंवा बारा हजार हेक्टरांच्या आसपास ज्वारी होते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या पिकाच्या नावावर आपल्याला देशात मान मिळतो, ते पीक कालव्याच्या शेवटच्या टोकाला कोरड्यात उभे असते आणि वरच्या अंगाला उसाच्या बुडात पाणी तुंबलेले असते.

पण यात ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला खलनायक करणे मला पटत नाही. नोकरीत असताना अशा कितीतरी शेतकऱ्यांशी मी बांधावर बसून बोललो आहे. एक म्हातारे आण्णा मला म्हणाले होते, ‘साहेब, कांदा विकायला नेला तर भाड्याचे पैसे खिशातून गेले. ज्वारी काढायला माणूस मिळेना. उसाची तोड आली की टोळी येते, गाडी येते, पैसा उशिरा येतो पण येतो. सांगा, मी काय लावू?’ त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. उत्तर द्यायचे ते सरकारने. उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचा, आधार आहे. तसा ज्वारीला, तुरीला, हरभऱ्याला खरेदीचा भरवसा गावाजवळच्या केंद्रावर मिळाला, तर पीक आपोआप बदलते. कडब्याला भाव आहे, ज्वारीच्या भाकरीला शहरात मागणी आहे. ज्यांचा ऊस उभा आहे त्यांनी तो ठिबकवरच ठेवावा आणि ठिबकच्या खर्चात कारखान्यांनी हात द्यावा. ज्यांच्या गव्हाणीत या धरणाचे पाणी उसाच्या रूपाने जाते, त्यांनी धरण राखण्याची जबाबदारी घ्यायला नको का?

उजनीचे सिंचन आठमाही मानलेले आहे. पावसाळा आणि हिवाळा मिळून आठ महिने पाणी, उन्हाळ्याचे चार महिने राखण, अशी ती कल्पना. बारमाही उसाने ही चौकट कधीच मोडली. मोडली ती एका दिवसात नाही. दरवर्षी एक उन्हाळी आवर्तन जास्त, दरवर्षी त्याला एक नवे कारण, असे होत होत अपवादाचा नियम झाला. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कुणी उभे राहून ‘आवर्तन नको’ म्हणेल अशी अपेक्षाच नसते. प्रत्येक लोकप्रतिनिधी आपल्या तालुक्यासाठी मागतो आणि ते त्याचे कामच आहे. धरणाच्या वतीने, पुढच्या जूनच्या वतीने बोलणारे मात्र त्या खोलीत कुणी नसते. म्हणूनच बैठकीच्या आधी ठरलेला लेखी नियम हवा.

कालव्याच्या टोकाचे एक चित्र सांगतो, कारण आकड्यांत ते हरवते. आवर्तन सुटल्याची बातमी येते तेव्हा टेलच्या शेतकऱ्याने सारे आणि दंड आवरून ठेवलेले असतात. तो रोज सकाळी चारीवर येतो. चारीच्या तळाला भेगा पडलेल्या असतात, कडेला वेडी बाभळ वाढलेली असते. वरच्या मायनरवर पाणी पूर्ण उंचीने चाललेले असते आणि इथे मोजपट्टीचा पायथाही ओला झालेला नसतो. शेवटी पाणी येते तेव्हा पाळी संपायला एक रात्र उरलेली असते. त्या एका रात्रीत बॅटरी आणि खोरे घेऊन बापलेक जेवढे वाफे भिजतील तेवढे भिजवतात. पाणीपट्टी दोघांची सारखीच, वरच्याचीही आणि टेलच्याचीही. ‘टेल टू हेड’ पाणी देण्याचा नियम खात्यात आहे, तो चांगला आहे. तो पाळायचा तर वरच्या दरवाज्यांवर पहारा लागतो आणि पहाऱ्याला माणसे लागतात. कालव्यावर कर्मचाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या तर पाणी बळवंताच्या शेतात जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

वरच्या अंगाचाही हिशोब हवा. भीमा, घोड, मुळा, मुठा, इंद्रायणी, पवना या नद्यांवर पुणे जिल्ह्यात धरणांची रांग आहे. ती भरल्याशिवाय दौंडचा विसर्ग वाढत नाही आणि दौंडचा विसर्ग वाढल्याशिवाय उजनी भरत नाही. मुळशीसह टाटांच्या धरणांतून वर्षाला चाळीस टीएमसीच्या आसपास पाणी घाटाखाली वळवता येते. त्यावर वीज होते आणि ते कोकणात उतरते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मात्र न चुकता आपल्याकडे येते. उन्हाळ्यात उजनीवर जो हिरवा थर आणि जलपर्णी दिसते ती त्याचीच. पाणी कमी झाले की तीच घाण दाट होते. म्हणजे मृतसाठा उपसण्याचा प्रश्न फक्त किती पाणी उरले एवढ्यापुरता राहत नाही, उरलेले पाणी पिण्याच्या लायकीचे आहे का, हाही त्यातच येतो.

2021 मध्ये इंदापूरसाठी पाच टीएमसी देण्याचा निर्णय झाला तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. ते आंदोलन मला समजते. पण इंदापूरच्या माणसाचेही मला समजते. त्याचे गाव या धरणात गेले आहे. कुणाचा हक्क किती हे जोवर कागदावर लिहिलेले नाही, तोवर प्रत्येक मागणी ही चोरी वाटते आणि प्रत्येक नकार हा अन्याय वाटतो. आज इंदापूर, उद्या मराठवाडा, परवा आपल्याच जिल्ह्यातला बार्शी नि सांगोला. हिशोब उघडा असला तर भांडणही मुद्द्याचे होते.

काही जाणकार म्हणतील, की उजनी बहुतेक वर्षी भरते. मग मागच्या वर्षीचे पाणी राखून काय उपयोग? पुढच्या ऑगस्टमध्ये तेवढेच पाणी दरवाज्यांतून वाहून जाईल. त्यात बाष्पीभवनही आहे. हा आक्षेप वजनदार आहे, त्याला उत्तर द्यायला हवे. उन्हाळ्यात जलाशय दोनशे चौरस किलोमीटर पसरला आहे आणि रोज एक सेंटिमीटर पाणी उडते असे धरले, तर महिन्याला दोन टीएमसी हवेत जातात. सोलापूर शहराच्या वर्षभराच्या गरजेहून जास्त. राखण फुकट होत नाही हे खरेच आहे. पण दुसरी बाजूही मांडा. चांगल्या वर्षी राखलेले पाणी वाहून गेले तर नुकसान काही टीएमसींचे. वाईट वर्षी राखलेले नसले तर नुकसान लाखो माणसांच्या पिण्याच्या पाण्याचे, फळबागांचे, दावणीच्या जनावरांचे. सांगोल्यातली डाळिंबाची बाग एकदा वाळली की पुन्हा उभी करायला वर्षे जातात. विम्याचा हप्ता भरताना कुणी म्हणत नाही की यंदा अपघात झाला नाही, पैसे वाया गेले.

पाऊस आता विश्वासाचा राहिला नाही, हेही लक्षात घ्या. 2024 च्या जूनमध्ये तळ गाठलेली उजनी त्याच ऑगस्टमध्ये भरली. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीनेला असा पूर आला, की माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापुरातली गावे पाण्यात गेली आणि लांबोटीजवळ पुण्याच्या महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. ज्या नदीत उन्हाळ्यात वाळूच दिसते, तिने शेतातली मातीसुद्धा नेली. त्या पुराचा एक थेंब उजनीत साठत नाही, कारण सीना उजनीच्या खाली भीमेला मिळते. अशा टोकाच्या वर्षांत जो जिल्हा सरासरीवर विसंबून राहतो तो दोन्ही वेळा बुडतो.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या मांडतो. 15 ऑक्टोबरला रब्बी हंगाम सुरू होतो, त्याच दिवशी धरणातले एकूण पाणी टीएमसीमध्ये जाहीर करा, नुसत्या टक्क्यांत नको. त्यातून सर्वांत आधी बाष्पीभवन वजा करा. मग पुढच्या 31 जुलैपर्यंतचे पिण्याचे पाणी गावांच्या आणि शहरांच्या नावानिशी बाजूला काढा. मग कमी पावसाच्या वर्षासाठीची राखण. उरेल ते सिंचनाला, आणि तेही पाणी वापर संस्थांना मोजून. असे घनमापनाने पाणी देण्यासाठी 2005 पासून राज्यात कायदा आहे, तो वापरा. धरण साठ टक्केच भरले असेल तर आवर्तने किती, ऐंशी भरले असेल तर किती, हे तक्त्यात आधीच छापलेले असावे, म्हणजे बैठकीत आवाज कोणाचा मोठा यावर ते ठरणार नाही. शून्य टक्क्याला पाणी टेकले की कालव्याची आवर्तने बंद, आणि हा नियम वरच्या, खालच्या, काठच्या सगळ्यांना एकच. नदीत सोडलेले पाणी प्रत्येक मोठ्या बंधाऱ्यावर मोजा आणि आकडा त्याच दिवशी जाहीर करा. समांतर जलवाहिनीमुळे वाचणारे पाणी पहिली पाच वर्षे राखणीतच ठेवा, त्यावर एकही नवा परवाना नको.

यातले काहीही अवघड तंत्रज्ञान मागत नाही. मोजपट्ट्या आहेत, वह्या आहेत, कायदा आहे, धरणावर रोज पातळी लिहिणारी माणसे आहेत. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी बाराव्या शतकात तलाव खोदला आणि आजही शहर त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्या गावाने तलाव खोदणाऱ्याला देव मानले, त्या गावाला पाण्याचा हिशोब राखण्याचे महत्त्व समजावून सांगावे लागू नये.

वाचकांना माझी विनंती आहे. जलपूजनाच्या दिवशी टाळ्या वाजवा, जरूर वाजवा. पण त्यानंतर आपल्या आमदाराला, आपल्या नगरसेवकाला, आपल्या सरपंचाला एकच प्रश्न विचारा: आमच्या गावाच्या नावावर उजनीत किती पाणी आहे? त्यांना आकडा सांगता आला नाही तर ग्रामसभेत ठराव करा आणि तो कालवा सल्लागार समितीच्या बैठकीच्या आधी तिथे पोचवा. एका गावाचा ठराव फायलीत दबतो. जिल्ह्यातल्या शेकडो गावांचे आणि शहरातल्या प्रत्येक प्रभागाचे ठराव एकाच महिन्यात आले, तर हिशोब जाहीर करण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.